सुई बाहेर आल्यापासून डब्यात पडेपर्यंत: सेफ्टी सिरिंज, कॅन्युला आणि शार्प्स बॉक्स कसे वापरावेत

इंजेक्शन देऊन झालं, सुई बाहेर आली. ती शार्प्स बॉक्समध्ये, म्हणजे धारदार वस्तू टाकायच्या कडक डब्यात, पडेपर्यंत जे काही सेकंद जातात तेवढा वेळ तिचं टोक उघडं असतं. सुई टोचण्याच्या घटनांचा मोठा वाटा याच काळातला आहे. टोपण परत लावताना, सुई किडनी ट्रेमध्ये ठेवताना, तो ट्रे दुसऱ्या कुणी आवरताना, भरलेल्या डब्यात सुई कोंबताना ती लागते. चादरीत राहून गेलेली सुई तर दुसऱ्या दिवशी लाँड्रीतल्या माणसाला लागते, ज्याने तो पेशंट कधी पाहिलेलाही नसतो.

सेफ्टी उपकरणं हा उघडा वेळ कमी करण्यासाठी बनवलेली आहेत. म्हणून कुठलंही उपकरण हातात घेतलं की दोन गोष्टी तपासा: सुई किती लवकर झाकली जाते, आणि ती झाकायला दुसरा हात टोकासमोर न्यावा लागतो का. पाकिटावरच्या बाकीच्या दाव्यांकडे नंतर बघता येईल.

धोका किती मोठा आहे हे आधी आकड्यांत पाहू. संसर्ग असलेल्या पेशंटच्या रक्ताची सुई लागली, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के असते. हेपॅटायटिस सी साठी ती 2 टक्क्यांच्या आत आहे आणि एचआयव्हीसाठी सुमारे 0.3 टक्के. पोकळ सुई टाके घालायच्या भरीव सुईपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्या नळीत रक्त साठून राहतं. जखम खोल असेल, सुईवर रक्त दिसत असेल किंवा ती थेट शिरेतून वा धमनीतून आलेली असेल तर धोका आणखी वाढतो. हेपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान 7 दिवस टिकतो, त्यामुळे काल पडलेली सुई आज निर्धोक झाली असं धरून चालू नका.

खरेदीच्या वेळी एक गोंधळ नेहमी होतो, तो इथेच सोडवून टाकू. ऑटो-डिसेबल सिरिंजचा प्लंजर (दाबायचा दांडा) एकदा वापरल्यावर लॉक होतो, म्हणजे तीच सिरिंज दुसऱ्या पेशंटला वापरता येत नाही. त्यात पेशंटचं संरक्षण आहे. सुईचं टोक मात्र तितकंच उघडं राहतं, त्यामुळे सिस्टरला त्याचा काहीच उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली इंजेक्शनच्या सिरिंजविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात पुनर्वापर रोखणं आणि सुईच्या इजेपासून संरक्षण हे दोन वेगवेगळे गुण धरले आहेत. ऑर्डर देताना दुसरा गुण स्पष्ट लिहून मागा, नाहीतर पहिलाच हातात पडतो. अमेरिकेत 2000 सालच्या कायद्याने आणि युरोपीय संघात 2010 च्या निर्देशाने अशी संरक्षक उपकरणं देणं मालकाची जबाबदारी ठरवली आहे.

सुई लागणारच नाही असं काम आधी शोधा

सगळ्यात सुरक्षित सुई म्हणजे न वापरलेली. आयव्ही लाइनमध्ये औषध देताना रबरी पोर्टला सुई टोचण्याची गरज नाही. नीडल-फ्री कनेक्टरमध्ये सिरिंजचं नुसतं टोक बसतं. त्या कनेक्टरचं तोंड मात्र प्रत्येक वेळी अल्कोहोलच्या स्वॅबने घासून, सुकू देऊनच वापरायचं. ही पायरी गाळली तर सुईची इजा टळते, पण पेशंटच्या रक्तात जंतू जातात.

व्हायलमधून (रबरी बुचाची बाटली) किंवा अँप्युलमधून (तोंड तोडून उघडायची बंद कुपी) औषध भरायला बोथट टोकाची सुई वापरा. काचेच्या अँप्युलसाठी फिल्टर असलेली मिळते, तिच्यात काचेचे कण अडकतात. औषध भरून झालं की ती काढून टाका आणि पेशंटसाठी नवी सेफ्टी सुई लावा. पावडरचं औषध विरघळवायचं असेल तर ही पद्धत जास्तच महत्त्वाची आहे, त्याचं कारण पुढे रिट्रॅक्टेबल सिरिंजच्या भागात येईल.

अॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह

अॅक्टिव्ह उपकरणात सुई झाकण्यासाठी तुम्हाला काहीतरी करावं लागतं: बटण दाबणं, आवरण पुढे सरकवणं, पाकळी मिटवणं. पॅसिव्ह उपकरणात नेहमीचं काम करता करता टोक आपोआप झाकलं जातं. दोन्ही उपलब्ध असतील तर पॅसिव्ह घ्या. रात्रपाळीच्या शेवटी, इमर्जन्सीत, हलणाऱ्या पेशंटजवळ माणूस बटण विसरतो, आणि ते विसरणं अगदी स्वाभाविक आहे. उपकरणाची रचना ही गोष्ट गृहीत धरणारी हवी.

पाकळी असलेली सुई

हबला, म्हणजे सुईच्या मागच्या प्लास्टिकच्या भागाला, बिजागरीने जोडलेली प्लास्टिकची पाकळी असते.

1. सुई सिरिंजवर फिरवून घट्ट बसवा. सैल राहिली तर पाकळी मिटवताना सुई निसटते.
2. पाकळी बॅरलच्या (सिरिंजच्या नळीच्या) दिशेने मागे वळवा, मग टोपण सरळ रेषेत ओढून काढा. तिरकं ओढलं की सुई वाकते आणि वाकलेली सुई पाकळीत बसत नाही.
3. पाकळी बेव्हलच्याच (सुईच्या तिरक्या कापलेल्या टोकाच्या) बाजूला आहे ना ते बघा. बेव्हल वर ठेवून कमी कोनात टोचायचं असेल तर पाकळीही वरच राहते आणि त्वचेला अडत नाही.
4. इंजेक्शन द्या, सुई बाहेर काढा, आणि हात खाली नेण्याआधी त्याच हाताच्या अंगठ्याने किंवा तर्जनीने पाकळी पुढे ढकला. ट्रॉलीच्या सपाट, कडक पृष्ठभागावर पाकळी टेकवून दाबली तरी चालते.
5. ‘टक्’ आवाज ऐका आणि सुई पाकळीच्या खाचेत बसलीय हे डोळ्यांनी बघा. गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून बघणं सोडू नका.

यात चुकतं ते बहुतेक वेळा अंगठ्याचं. पाकळीच्या मुळाशी दाबायचं सोडून टोकाकडे दाबलं की बोट घसरून सुईच्या बाजूला जातं. दुसरी चूक म्हणजे मोकळ्या हाताने पाकळी मिटवणं. ते जुन्या टोपण लावण्यासारखंच आहे, फक्त टोपण महाग झालं.

सरकणारं आवरण

इथे बॅरलभोवती एक नळी असते. ती पुढे सरकवून लॉक होईपर्यंत न्यायची, काही प्रकारांत शेवटी थोडी पिळायचीही असते. आवरण अर्धवट पुढे आलं की सुई झाकलेली दिसते, पण लॉक झालेली नसते आणि धक्का लागला की पुन्हा बाहेर येते. म्हणून लॉक झाल्यावर हलकेच मागे ओढून खात्री करा. आवरण जाड असल्याने बॅरलवरचे आकडे झाकले जातात का हेही खरेदीपूर्वी बघायला हवं, विशेषतः 1 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये.

रिट्रॅक्टेबल सिरिंज

आत स्प्रिंग असते. प्लंजर तळापर्यंत दाबून वर थोडा जास्त जोर दिला की सुई बॅरलच्या आत ओढली जाते. सुई पेशंटच्या अंगात असतानाच हे करता येतं, म्हणजे उघडा वेळ जवळपास शून्यावर येतो. संरक्षणाच्या दृष्टीने ही रचना आम्हाला सर्वांत आवडते, पण वापरायला थोडी नाजूक आहे.

हवा काढताना प्लंजर तळाला टेकू देऊ नका, टेकला आणि जोर पडला तर सुई तिथेच आत जाते आणि सिरिंज वाया जाते. पावडर विरघळवताना व्हायलमधल्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो, तेव्हाही हेच होतं, म्हणून ते काम वेगळ्या सिरिंजने करा. डोस टोचण्यापूर्वीच अचूक भरा. अर्धा डोस देऊन थांबलात तर प्लंजर तळापर्यंत जाणार नाही आणि सुई आत जाणार नाही. स्प्रिंग झटक्यात सुटते तेव्हा कधी कधी बारीक थेंब उडतात, म्हणून सुई अंगात असतानाच स्प्रिंग सोडा. बाहेर सोडावी लागलीच तर तोंड दुसरीकडे करा.

आधीच भरून येणाऱ्या सिरिंज, उदाहरणार्थ रक्त पातळ करणारी हेपॅरिन गटातली इंजेक्शनं, साधारण याच तत्त्वावर चालतात. पूर्ण डोस गेल्यावर आणखी दाब दिला किंवा बोट उचललं की आवरण पुढे येतं. दोन प्रकारांत कृती उलटी असते, म्हणून वॉर्डात एकाच वेळी एकच प्रकार ठेवावा.

आयव्ही कॅन्युला

कॅन्युला म्हणजे शिरेत ठेवायची मऊ नळी (कॅथेटर) आणि ती आत नेणारी सुई. शिरेतून येणारी, रक्ताने भरलेली, पोकळ, लांब सुई. इथे खर्च वाचवू नये.

पॅसिव्ह कॅन्युलात सुई हबच्या बाहेर पडताना धातूची छोटी क्लिप टोकावर बसते. पद्धत नेहमीचीच आहे, पण काही जागी सवय बदलावी लागते. शार्प्स बॉक्स, गॉज, ड्रेसिंग आणि कनेक्टर आधी हाताशी मांडून ठेवा. हबमध्ये रक्त दिसलं की कोन कमी करा, 2 ते 3 मिलिमीटर पुढे सरका आणि कॅथेटर सुईवरून आत सरकवा. टूर्निकेट (हाताला बांधलेला पट्टा) सोडा. कॅथेटरचं टोक जिथे असेल त्याच्या पुढे शीर बोटाने दाबून धरा. आता सुई सरळ, सलग ओढून बाहेर काढा. क्लिप बसताना किंचित अडल्यासारखं वाटतं. नवशिक्या हात इथे थांबतो आणि सुई परत आत ढकलतो. ते कधीही करू नका. परत गेलेल्या सुईने कॅथेटर कापलं जाऊन त्याचा तुकडा शिरेत जाऊ शकतो.

शीर सापडलीच नाही तर सुई आणि कॅथेटर एकत्र ओढून बाहेर काढण्याची सवय असते. तसं केलं की क्लिपला बसायला संधीच मिळत नाही आणि हातात उघडी सुई येते. आधी सुई कॅथेटरमधून पूर्ण बाहेर काढा म्हणजे टोक झाकलं जाईल, मग गॉज दाबून कॅथेटर काढा.

बटणाच्या कॅन्युलात सुई मागच्या नळीत ओढली जाते. कॅथेटर पूर्ण आत सरकल्यावर, शीर दाबून धरून बटण दाबायचं. कॅथेटर पुढे जाण्याआधी चुकून दाबलं तर तो प्रयत्न वाया गेला, म्हणून टोचताना बोट बटणावर ठेवू नका. हबमध्ये रक्त अडवणारा व्हॉल्व्ह असेल तर उत्तम, कारण कनेक्टर जोडायची घाई राहत नाही. ही घाईच अनेक इजांच्या मुळाशी असते: रक्त वाहतंय म्हणून सुई गादीवर टाकली जाते.

रक्त घेताना

बटरफ्लाय सुईची नळी स्प्रिंगसारखी वळलेली असते. सुई बाहेर आली की ती उसळून मनगटावर येते. म्हणून शिरेत असतानाच बटण दाबायचा प्रकार निवडा: जागेवर गॉज ठेवा, बटण दाबा, सुई आत गेल्यावरच उचला. सरकत्या आवरणाचा प्रकार असेल तर पंख एका हातात घट्ट धरून आवरण सरकवा. डब्यात टाकताना सुईचा भाग आधी, नळी मागून. नळी डब्याच्या तोंडावर लोंबत राहिली तर पुढच्याचा हात तिला लागतो आणि सुई बाहेर ओढली जाते.

व्हॅक्यूम ट्यूबच्या होल्डरमधून सुई वेगळी करू नका. तिला मागच्या बाजूलाही, रबरी आवरणाखाली, दुसरं टोक असतं. होल्डरसकट टाका. सिरिंजने घेतलेलं रक्त ट्यूबमध्ये भरायचं झालं तर एका हातात ट्यूब धरून तिच्या बुचात सुई खुपसणं ही अत्यंत वाईट पद्धत आहे. सुई बुचावरून घसरते ती थेट ट्यूब धरलेल्या बोटात. त्यासाठी ट्रान्सफर डिव्हाइस मिळतं. आधी सुई झाकून, काढून टाका आणि सिरिंजचं टोक त्या डिव्हाइसला जोडा.

बोटातून रक्त घ्यायला एकदाच चालणारं, टोचून आपोआप आत जाणारं लॅन्सेट घ्या. इन्शुलिन पेनच्या सुईचंही मागचं टोक उघडं असतं, त्यामुळे दोन्ही टोकं झाकणारी सुई निवडा. केमोथेरपीच्या पोर्टमधून (त्वचेखाली बसवलेली औषध देण्याची छोटी डबी) ह्युबर सुई, म्हणजे त्या पोर्टसाठीची खास सुई, काढताना ती घट्ट पडद्यातून एकदम सुटते, हात उसळतो आणि पोर्ट धरलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटात सुई घुसते. आवरण सरकवत सरकवत काढायचा प्रकार इथे हवाच.

ऑपरेशन थिएटर

स्नायू आणि फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) शिवायला बोथट टोकाची सुई चालते. ग्लोव्हला छिद्र पडण्याचं प्रमाण तिच्यामुळे निम्म्याहून अधिक घटतं असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. त्वचेला मात्र टोकदार सुई लागतेच. ब्लेड बोटांनी कधी काढू नका, एका हाताने चालणारं ब्लेड रिमूव्हर वापरा. धारदार वस्तू हातातून हातात द्यायची नाही. मध्ये एक ट्रे किंवा चुंबकाची चटई ठेवा, देणारा ‘शार्प’ म्हणून ठेवेल आणि मग घेणारा उचलेल. ग्लोव्ह्जचे दोन थर, आतला गडद रंगाचा, घातले की छिद्र लगेच दिसतं.

टोपण लावावंच लागलं तर

सेफ्टी सुई हाताशी नसताना आणि टाकायची सोयही नसताना टोपण सपाट जागेवर आडवं ठेवा. एक हात पाठीमागे. दुसऱ्या हाताने सिरिंज धरून सुई टोपणात सरकवा, मग उभी करून टोपण टेबलावर दाबून बसवा. टोपणाला दुसऱ्या हाताचा स्पर्श शेवटपर्यंत होऊ देऊ नका.

शार्प्स बॉक्स

उपकरण कितीही चांगलं असलं तरी डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर उघडा वेळ पुन्हा वाढतो. डबा काम जिथे होतं तिथे, हाताच्या अंतरावर हवा. भिंतीवर लावताना उभ्याने काम करणाऱ्यांसाठी तोंड जमिनीपासून 132 ते 142 सेंटिमीटरवर आणि बसून काम करणाऱ्यांसाठी 97 ते 107 सेंटिमीटरवर ठेवा. याहून उंच असेल तर आत किती भरलंय ते दिसत नाही आणि हात अंदाजाने जातो. दारामागे, सिंकखाली, लाइटच्या बटणाखाली डबा लावू नका.

तीन चतुर्थांश भरला की बंद करून बदला. पूर्ण भरेपर्यंत थांबण्यात बचत काहीच नाही, कारण इजा होतात त्या याच शेवटच्या चतुर्थांशात. हलवून जागा करू नका, दाबू नका, पडलेलं काही परत काढू नका. डबा बदलणं नेमकं कुणाचं काम आहे ते नावानिशी ठरवा. ‘ज्याला दिसेल त्याने’ असं ठरलं की कुणीच बदलत नाही.

नवं उपकरण आणताना

खरेदीच्या मीटिंगमध्ये ज्यांचे हात रोज सुईवर असतात त्या सिस्टर, टेक्निशियन, कनिष्ठ डॉक्टर हवेत. नमुने मागवा, प्रत्येकाला ग्लोव्ह्ज घालून निदान दहा वेळा स्पंजवर वापरायला द्या. डावखुऱ्यांना मुद्दाम बोलवा, अनेक बटणं त्यांच्या हाताला उलट पडतात. ओल्या ग्लोव्हने करून बघा. सिरिंजमध्ये लाल पाणी भरा, खाली पांढरा कागद पसरा आणि सुई मिटवा. किती थेंब उडतात ते कागदावर दिसेल.

नवं आलं त्याच दिवशी जुना साठा वॉर्डातून काढा. दोन्ही शेजारी ठेवले तर हात सवयीच्या पाकिटाकडेच जातो. महिन्याभराने डब्याच्या पारदर्शक भिंतीतून बाहेरूनच बघा, किती सुया न झाकता टाकल्यात. डबा उघडून मोजू नका. न झाकलेल्या बऱ्याच दिसल्या तर माणसांना बोलण्याआधी उपकरण तपासा. बटण कडक असेल, आवाज येत नसेल, किंवा शिकवणं एका पाळीपुरतंच झालं असेल.

तरीही लागलीच तर

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच लावू नका. रक्त डोळ्यात उडालं असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. काम दुसऱ्याच्या हाती द्या आणि ताबडतोब कळवा, पाळी संपेपर्यंत थांबू नका. पेशंटची तपासणी संमतीने लवकर करून घ्यावी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं काही तासांतच सुरू व्हायला हवीत, 72 तासांनंतर त्यांचा भरवसा उरत नाही. ती 28 दिवस घ्यायची असतात. हेपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन) शक्यतो 24 तासांत. लस झाली असेल तर शेवटच्या डोसनंतर 1 ते 2 महिन्यांनी केलेल्या तपासणीत अँटीबॉडी 10 मिलि-इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर किंवा जास्त होत्या का ते बघतात. हा अहवाल इजा होण्याआधीच फाइलमध्ये असावा. रक्ताची पहिली तपासणी त्याच दिवशी, पुढच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या तारखांना, एकही न चुकवता.

नोंदवहीत उपकरणाचा प्रकार आणि कंपनी, जागा, नेमकं काय करताना लागली, सेफ्टी यंत्रणा वापरली होती का आणि ती लॉक झाली होती का, हे पाच रकाने ठेवा. नाव वेगळ्या, गोपनीय कागदावर. दर तीन महिन्यांनी ही वही खरेदीच्या मीटिंगमध्ये उघडा. एकाच उपकरणासमोर तीच नोंद दोनदा दिसली तर पुढची ऑर्डर थांबवून पर्याय मागवा.